लूप झीलकरी की शाहीर? पोवाड्यासाठी मॉड्युलर सॉफ्टवेअर निवडताना

[पावसाळ्यात पन्हाळ्यावर आम्ही वीसेक जण जमलो होतो, तिथं झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलीतले शब्द तसेच ठेवलेत. मध्येमध्ये वाजवून दाखवलेले तुकडे ऑडिओतच ऐका.]

मागंपर्यंत आवाज येतोय ना? बाहेर धुकं एवढं आहे की मला खिडकीतून तीन दरवाजाचा रस्तापण दिसत नाहीये. लाईट आहे तोवर बोलून घेतो.

विषय सगळ्यांना माहीत आहे. स्टेजवर थेट लूप करायचं तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? मॅक्स, प्युअर डेटा, व्हीसीव्ही रॅक, एबलटन, का आणखी काही? मला मेसेज येतात त्यातले निम्मे याच प्रश्नाचे असतात. आणि मी आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलेलं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. (हशा)

आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. पोवाडा. कारण मला सॉफ्टवेअर शोधायला लागलं ते पोवाड्यामुळं.

आमचे एक शाहीर आहेत. नाव सांगू नको म्हणालेत, मी त्यांना आण्णा म्हणतो. कोल्हापूरला पिराजीराव सरनाईकांसारखी परंपरा आहे, त्यामुळं इथं शाहीर म्हटलं की लोक आधी आवाज कान देऊन ऐकतात, मग टाळी देतात. आण्णांचा आवाज अजून खणखणीत आहे. पण त्यांच्या मागं उभं राहणारी माणसं कमी झालीत. पूर्वी चार झीलकरी होते. एक पुण्याला गेला, एकाची शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी असते. आता दोघं उरलेत, त्यातला एक तुणतुणंपण वाजवतो. शाहिरानं ओळ टाकली की मागून झील उचलणारी माणसं नसतील, तर पोवाडा एकट्या माणसाचं भाषण होतो. म्हणून आण्णा मला म्हणाले, तुझ्या लॅपटॉपातनं काय होतंय का बघ.

मी म्हटलं, होतंय की. एबलटन लाइव्ह होतंच माझ्याकडं. दोघा जुन्या झीलकऱ्यांना रविवारी बोलावून झील रेकॉर्ड केली, थर लावले, चौघांचा आवाज झाला. सूर धरून ठेवला. 84 च्या लयीत सगळं बसवलं. घरी एकदम झकास वाजत होतं.

मागच्या वर्षी जुलैत कार्यक्रम लागला. तुम्हाला माहीत आहे, 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं महाराज आषाढातल्या रात्री या गडावरनं विशाळगडाकडं निघाले, त्याची आठवण म्हणून पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारी मंडळी येतात. अशाच एका तुकडीसाठी आदल्या रात्री बाजीप्रभूंचा पोवाडा. छोटा मांडव, दोन स्पीकर, समोर दोनशे-अडीचशे ओली पोरं.

पहिला चौक छान गेला. दुसऱ्यापासून आण्णा चढायला लागले. लढाई जवळ आली की शाहीर लय वाढवणारच, तो काय घड्याळ बघून गातोय का? आणि माझं मशीन 84 वर बसलेलं. डफवाला बिचारा मध्ये सापडला. एका कानात आण्णा, दुसऱ्या कानात लूप. त्यानं लूप धरला. म्हणजे ज्याच्या अंगात लय आहे त्या माणसानं यंत्राचं ऐकलं आणि शाहीर उघडे पडले. आण्णांनी दोन ओळी मागं खेचून बघितलं, मग सोडून दिलं.

तेवढ्यात लाईट गेली.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. अंधारात आण्णांनी गद्य सुरू केलं, माईकशिवाय, आणि सगळा मांडव गप्प. अंगावर काटा आला असं ते बोलणं होतं. पण माझा लॅपटॉप बॅटरीवर, साउंडकार्ड यूएसबीवर चालणारं. त्या दोघांना लाईट गेल्याचं कळलंच नाही. ती आतल्या आत झील म्हणत बसली होती. सहा-सात मिनिटांनी लाईट आली, स्पीकर जिवंत झाले, आणि बाजी जखमी होऊन पडतायत त्या वाक्यावर चार जणांचा आवाज, फुल्ल व्हॉल्यूम, जी जी रं जी.

(हशा)

हसा, हसा. मी तेव्हा हसलो नव्हतो.

कार्यक्रम झाल्यावर आण्णा चिडले नाहीत. चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "आरं पोरा, तुझं ह्ये मशीन झीलकरी हाय का शाहीर? ते आदी ठरिव."

गेलं वर्षभर मी जे काही सॉफ्टवेअर तपासलं ते या एका प्रश्नावर तपासलं. त्यामुळं माझी तुलना एकतर्फी आहे. तुम्ही टेक्नो करत असाल तर तुमची उत्तरं वेगळी येतील, आणि ती बरोबर असतील.

आधी एक गैरसमज काढू. लूप म्हणजे परकी भानगड, असं काही नाही. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरतात, ती सोळा मात्रांची एकच धून तासभर फिरते. लेहरा हा लूपच आहे, फक्त माणसानं वाजवलेला. तबलजीनं लय वाढवली की लेहरेवाला त्याच्यासोबत जातो, समेला दोघं भेटतात. आता याच्या उलट उदाहरण. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग रोलंडच्या 808 आणि 303 या यंत्रांवर बसवून रेकॉर्ड काढली. तिथं ठेका यंत्राचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत नाही. आणि ते मस्त आहे, कारण मालक यंत्र आहे हे आधीच ठरलेलं आहे, वाजवणारा त्याच्यावर स्वार होतो. घोळ होतो तो ठरवलेलं नसतं तेव्हा.

आता एबलटन. त्याला शिव्या घालायला मी आलेलो नाही. 2001 पासूनचं सॉफ्टवेअर आहे, स्टेजसाठीच बनवलंय, आणि भरवशाचं आहे. पण त्याच्या पोटात एक घड्याळ आहे आणि सगळे त्या घड्याळाचे नोकर. त्यात लूपर नावाचं एक साधन आहे. त्याला सांगता येतं की पहिला लूप मी पायानं उघडीन आणि बंद करीन, त्यावरनं तू लय ठरव. हे चांगलं आहे. पण नंतर लय वाढवली तर तो लूपर जुनी टेप जोरात फिरवल्यासारखा वागतो. लयीबरोबर सूरपण चढतो. साधारण सहा टक्के लय वाढली की अर्धा स्वर, म्हणजे पांढरी एक होती ती काळी एक झाली. आण्णा 84 वरनं शेवटी 126 ला जातात, मी मोजलंय. म्हणजे दीडपट. आणि दीडपट म्हणजे काय? पंचम! षड्जावर सुरू झालेली झील शेवटी पंचमावर जाऊन बसणार. (हशा)

यावर उपाय आहे. लूपर न वापरता क्लिप वापरायची, तिथं सूर न हलवता लय ताणता येते. आवाजाला ते बरं चालतं. आणि लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीपासून टेम्पो फॉलोअर आहे, बाहेरचा ठोका ऐकून घड्याळच मागं-पुढं करतो. मला वाटलं झालं काम. डफाजवळ माईक लावला. सलग वाजवलं तोवर बऱ्यापैकी मागं आला. पण पोवाड्यात मध्येच गद्य येतं, डफ थांबतो. ठोकाच नाही तर ऐकणार काय? परत डफ सुरू झाला की ते अंदाज बांधेपर्यंत दोन ओळी निघून जातात. सलग ड्रम वाजणाऱ्या बँडला ते उपयोगी आहे. आमच्याकडं थांबणं हेच निम्मं गाणं आहे.

म्हणून मी मॉड्युलरकडं वळलो. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. मंडपवाल्याकडं दोन प्रकार असतात. एक तयार लोखंडी शेड. लवकर उभी राहते, पण माप तिचं. दुसरं म्हणजे बांबू आणि काथ्या. कुठल्याही आकाराचा मांडव घाला, पण गाठ सुटली तर जबाबदारी तुमची. मॉड्युलर म्हणजे बांबू-काथ्या. आवाज आत घेणारा एक ठोकळा, साठवणारा एक, वाजवणारा एक, आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. पूर्वी त्या तारा खऱ्या असायच्या. अहमदाबादच्या एनआयडीत 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूगचं मॉड्युलर यंत्र उभं केलं होतं, तिथं आपली माणसं हातानं केबल खुपसून आवाज काढत होती. आता तेच पडद्यावर.

ते जुनं यंत्र जसंच्या तसं पडद्यावर हवं असेल तर व्हीसीव्ही रॅक. 2017 साली आलं, मूळ आवृत्ती फुकट आहे, शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. मी आठवडाभर जेवणखाण विसरलो होतो. तुणतुण्याचा आवाज आत सोडून त्याचे धुक्यासारखे थर करायला फार सुंदर. पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर वीसएक मॉड्यूल झाले की कडकड सुरू होते, कारण ती सगळी चित्रं, बटणं, दिवे रंगवायलाच मशीन दमतं. आणि पुन्हा त्याचा स्वभाव घड्याळाचा. क्लॉक नावाचा ठोकळा आधी ठेवायचा, मग बाकीचं. पोवाड्यासाठी मी ते बाजूला ठेवलं. घरी अजून वाजवतो.

फ्रान्समधलं उसीन नावाचं एक आहे, खास स्टेजसाठी. बिटविगमध्ये 2019 पासून ग्रिड आहे. आयपॅडवाल्यांना एयूएम आणि लूपी प्रो आहेत, आणि ज्यांना डोकेदुखी नको त्यांनी सरळ तिकडं जावं. मी यांच्यावर फार वेळ घालवलेला नाही, म्हणून फार बोलत नाही.

खरी लढत माझ्या दृष्टीनं मॅक्स आणि प्युअर डेटा यांच्यात आहे, आणि ते सख्खे भाऊ आहेत. दोन्हींचा जन्मदाता एकच, मिलर पकेट. ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत त्यांनी मॅक्स लिहिलं. कशासाठी? फिलिप मानुरी नावाच्या संगीतकाराबरोबर काम चाललं होतं, आणि त्यांना हवं होतं की बासरीवाला किंवा पियानोवाला वाजवेल तसं संगणकानं मागून यावं. वादक थांबला तर थांबावं. हे वाचलं आणि मी आण्णांना फोन केला. म्हटलं, आण्णा, तुमचा प्रश्न पॅरिसमध्ये चाळीस वर्षांपूर्वी विचारलाय. ते म्हणाले, मग उत्तर आलं का न्हाई अजून?

(हशा)

मॅक्स आज सायकलिंग सेव्हंटीफोर ही कंपनी विकते. दिसायला नेटकं, मदतीची पानं इतकी चांगली लिहिलीत की तीच वाचून माणूस शिकतो. एबलटनच्या आतही ते चालतं. विकत न घेता दुसऱ्याच्या मशीनवर पॅच उघडून चालवता येतो, फक्त सेव्ह होत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. आवाज साठवून कुठूनही, कुठल्याही वेगानं वाजवायची तयार साधनं त्यात आहेत. पैसे असतील आणि लॅपटॉप बरा असेल तर मॅक्स घ्या. मी तुम्हाला अडवणार नाही.

मी प्युअर डेटावर थांबलो. लोक पीडी म्हणतात. पकेट यांनीच 1996 च्या सुमारास लिहिलेलं, फुकट, खुलं. दिसायला म्हणाल तर तलाठी कार्यालयातला फॉर्म. पांढऱ्यावर काळे चौकोन. पण जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, रास्पबेरी पायवर चालतं, आणि पॅचची फाईल म्हणजे साधा मजकूर, काही केबींची. मी व्हॉट्सॲपवर पाठवतो. उद्या मी आजारी पडलो तर तुणतुणंवाल्याच्या पोराच्या मशीनवर तो कार्यक्रम चालला पाहिजे, ही माझी अट होती. ती इथं पुरी झाली. ज्यांना ते रूप बघवत नाही त्यांच्यासाठी प्लगडेटा आहे, आत तेच पीडी, कपडे नवीन.

आता पॅच कसा आहे ते सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे.

पहिल्यांदा मी साधा लूपर बांधला. पायानं सुरू, पायानं बंद. त्यात एक गणित डोक्यात ठेवा. पाय बंद करायला फक्त 50 मिलिसेकंद उशिरा पडला, तर लूप तेवढा लांब झाला. वीस आवर्तनांत एक सेकंद साठतो. 84 च्या लयीत एक मात्रा 714 मिलिसेकंदांची. म्हणजे वीस फेऱ्यांत एका मात्रेपेक्षा जास्त घसरलात, आणि तुमची चूक डोळ्याला दिसलीसुद्धा नाही. म्हणून सॉफ्टवेअरं घड्याळ लावून तुमचा पाय सुधारून घेतात. तो सुधारलेला पाय आला की परत मालक यंत्र. हे चक्र मी दोन महिने फिरलो.

दुसरं गणित उशिराचं. साउंडकार्डचा बफर 128 सॅम्पल, 48 हजारांचा दर, म्हणजे एका बाजूचे पावणेतीन मिलिसेकंद. जाऊन-येऊन आणि बाकीचे खर्च धरून माझ्याकडं 12 भरतात. 12 मिलिसेकंद म्हणजे काही नाही, हवेत आवाजाला चार मीटर जायला तेवढाच वेळ लागतो. डफवाला चार मीटरवर उभा आहे असं समजा. पण थरावर थर टाकताना दुरुस्ती केली नाही, तर दुसरा थर 12 नं मागं, त्याला धरून गायलेला तिसरा 24 नं मागं. तिथं झील फाटते. एबलटन ही दुरुस्ती बरीचशी स्वतः करतं. पीडीत तुम्हाला करावी लागते. एक टाळी वाजवून मोजायची, तेवढी सॅम्पलं वजा करायची. बांबू-काथ्याचा हा त्रास आहेच.

आणि मग एके दिवशी डोक्यात आलं की झीलकरी लूप करतच नाही! तो गप्प उभा असतो. शाहिराची ओळ संपत आली की श्वास घेतो, उचलतो, म्हणतो, परत गप्प. म्हणजे मला फिरणारं चाक नको होतं. मला गप्प उभं राहणारं यंत्र हवं होतं.

आता पॅचमध्ये दोन पेडल आहेत. डावं पेडल म्हणजे लय. डफाबरोबर मी त्यावर पाय टाकत राहतो, पीडी शेवटच्या चार ठोक्यांमधलं अंतर मोजून सरासरी काढतं. उजवं पेडल म्हणजे उचल. ते दाबलं की साठवलेली झील एकदाच वाजते, त्या क्षणाच्या लयीत ताणून किंवा आवळून, सूर न हलवता. त्यासाठी पीडीबरोबर मिळणाऱ्या उदाहरणांतच एक फेज व्होकोडर आहे, मी तोच घेऊन घरगुती डागडुजी केली. त्याची खिडकी 2048 सॅम्पलची, आवाज थोडा भिजल्यासारखा येतो. चार माणसांच्या झिलेत ते लपतं. डफावर लावून बघितलं, टणक ठोक्याची पार खिचडी झाली. म्हणून डफ लूपमध्ये नाही. डफ हातातच राहणार. आण्णा म्हणाले, तसंबी मी दिला नसता.

सतत वाजणारी गोष्ट एकच, सूर. त्याला लय नसते, त्यामुळं भांडण नाही. तोसुद्धा माझा पाय दहा सेकंद हलला नाही तर हळूहळू विझतो. लाईट गेली, मी भांबावलो, पाय काढला, तर यंत्र आपोआप गप्प होतं. लाईट परत आली तरी गप्पच. सगळ्या पॅचमध्ये मला सर्वात जास्त अभिमान या एका ठोकळ्याचा आहे, आणि त्याचं काम काही न वाजवणं हे आहे.

म्हणजे थेट लूपिंगसाठी सॉफ्टवेअर शोधायला निघालो आणि हातात आलं त्यात लूप जवळजवळ नाहीच. मॉड्युलर घेण्याचं माझ्यापुरतं कारण हेच. तयार लूपरला "लूप करू नकोस" असं सांगणं मला जमलं नाही.

उणीव सांगतो. पॅच चुकला तर विचारायला कुणी नाही. फेब्रुवारीत एका तालमीत पेडलचा नंबर बदलला आणि उजव्या पायाला काहीच वाजेना. पाऊण तास शोधत बसलो, सगळे चहा पिऊन आले. आता कार्यक्रमाच्या आठवड्यात पॅचला हात लावायचा नाही असा नियम आहे. दुसरं, माझा पाय. झील कधी उचलायची हे मला कळायला लागतं, म्हणजे पोवाडा मला पाठ असायला लागतो. सॉफ्टवेअरनं माझं काम कमी केलेलं नाही. मला पाचवा झीलकरी केलंय.

शेवटची एक गोष्ट, सॉफ्टवेअरची नाही. रेकॉर्डिंग केलं त्यातला तो रात्रपाळीवाला. त्याला फोनवर तालीम ऐकवली. ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "माझाच आवाज हाय की. मग आता सुट्टी काढून यायचं म्हणजे कशाला?" मला काय बोलावं कळेना. आण्णांना सांगितलं. त्यांनी ठरवून टाकलं की ज्याचा आवाज वाजेल त्याचा बिदागीत वाटा, आला नाही तरी. आणि तो स्वतः आला, तर त्या दिवशी त्याची झील पॅचमधनं बंद. म्हणून पडद्यावर बघा, प्रत्येक आवाजाच्या पुढं एक चौकोन आहे. माणूस आला की मी फुली मारतो, आवाज बंद होतो. मागच्या दोन कार्यक्रमांना तो आला होता.

चला, वाजवून दाखवतो. डफ कुठाय? आण्णा, तुम्ही ओळ टाका, कुठल्याही लयीत टाका. आणि ती एक्स्टेन्शनची वायर जरा वाटेतनं बाजूला घ्या कुणीतरी, पाय अडकतोय.